सगळ्यांवर प्रीती करा म्हणतात, पण करायची कशी? एका रिटायर्ड पाळकाचं उत्तर

सलाम मुली. तुला ‘तू’च म्हणतो, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. तुझा प्रश्न दोनदा वाचला, आणि इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तू नगर जिल्ह्यातल्या गावात, ख्रिस्ती वस्तीत वाढलीस, आता पिंपरीला नोकरी, सोसायटीत तुझंच एक ख्रिस्ती घर. शेजारच्या काकूंनी गणपतीत मोदकांचा डबा दिला, तू घाबरून मोदक टाकून दिलेस आणि रिकामा डबा तीन आठवडे ओट्यावर पडलाय, काकू लिफ्टमध्ये भेटल्या की तू मोबाईलमध्ये तोंड घालतेस. ऑफिसातला एक मित्र गे आहे, त्याने विचारलं की तुमच्या चर्चमध्ये मी आलो तर चालेल का, तू विषय बदललास. आणि नवीन चर्चमध्ये पहिल्याच रविवारी एका बाईंनी विचारलं, "मूळचे तुम्ही कोण?" शेवटी तू लिहिलंयस की सगळ्यांनाच स्वीकारत बसले तर माझ्या विश्वासाचं काय उरतं.

चौतीस वर्षं मंडळ्या, म्हणजे चर्चमधली माणसं, सांभाळली, त्यातली निम्मी नेवासा-शेवगावच्या खेड्यांत. या विषयावर उपदेश भरपूर दिलेत, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी स्वतः चुकून मग शिकलोय, त्यामुळे उपदेश बाजूला ठेवतो आणि चुकाच सांगतो.

पहिली चूक पहिल्याच वर्षीची. एका गावाबाहेर पारधी समाजाची चार-पाच पालं होती. आम्ही तिथे कपडे वाटायला गेलो होतो, मी, चर्चचे दोन पंच आणि जीपभर गाठोडी. वाटून झालं, फोटो झाला, आणि एका म्हातारीने चुलीवर गुळाचा कोरा चहा ठेवला. मी म्हणालो, "नको आजी, आत्ताच घेतला." खोटं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "का सायेब, आमच्या हातचा चालत न्हाई का?" मी हसून काहीतरी बोललो आणि जीपमध्ये बसलो. त्या रात्री झोप लागली नाही. कारण तिने बरोबर ओळखलं होतं. तिला द्यायला मला काही अडचण नव्हती, तिच्याकडून घ्यायला होती.

तेव्हापासून माझं सगळं म्हणणं एवढंच आहे बघ, की आपण ख्रिस्ती लोक द्यायला एकदम तयार असतो, नाताळला ब्लँकेटं, सिव्हिलमध्ये फळं, पूर आला की धान्य, आणि ते चांगलंच आहे, पण देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. स्वीकार कळतो तो घेताना. कोणाच्या घरी जेवतेस, कोणाच्या हातचं पाणी पितेस, कोणाकडे मदत मागायला जातेस, हे बघ, तुला तुझाच हिशोब लागेल.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात शोमरोनी बाई आहे ना, ती गोष्ट आपण लहानपणापासून शब्बाथ शाळेत ऐकतो आणि आपलं लक्ष जातं ‘जिवंत पाण्या’वर. सुरुवात बघ की. भर दुपारी येशू थकून विहिरीवर बसलाय आणि तिला म्हणतो, मला प्यायला दे. तोच मागतोय! यहूदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता, ती स्वतःच चकित होऊन विचारते की तुम्ही यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता. दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाला हे तळटीप देऊन समजवावं लागेल, आपल्याला नाही लागत. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायले, त्यासाठी पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या. कोणाच्या तांब्यातलं पाणी कोण पितो हा आपल्या मातीतला सगळ्यात जुना प्रश्न आहे आणि येशू नेमका तिथूनच सुरू करतो. पुढे त्याच अध्यायात एक ओळ आहे, ती लोक सोडून देतात, की त्या गावच्या लोकांनी आग्रह केला म्हणून तो तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस म्हणजे जेवणं आली, अंथरूण-पांघरूण आलं, त्यांच्याच घरातलं.

(मी पुढच्या आठवड्यात त्या पालावर परत गेलो आणि स्वतः चहा मागितला. म्हातारीने मुद्दाम दोन कप पाजले. चव अजून जिभेवर आहे, गूळ जास्त झाला होता.)

आता तुझे प्रश्न. आधी ‘मूळचे कोण’वालं घेतो, कारण घरातली घाण आधी काढावी. लोकांना वाटतं बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात विरघळते. विरघळायला हवी, पण बाई, आपल्याकडे ती साखरेसारखी विरघळत नाही, तेलासारखी वर येते. लग्न जुळवताना बघ, दफनभूमीत बघ, पंच कोण होतो ते बघ. आडनावावरून नाही कळलं तर गाव विचारतात, गावावरून नाही कळलं तर मामाचं गाव. आणि गंमत म्हणजे सरकारी कागदावर उलटं. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे तहसीलमध्ये सांगतात तुम्हाला जात नाही, आणि चर्चच्या पायरीवर विचारतात जात कोणती. 

पण मी या लोकांवर फार चिडत नाही आताशा, कारण हे सुटायला वेळ लागतो. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधली पाच वर्षं त्या कुठे होत्या? आधी नवऱ्यापासून दूर, मग त्याच्याजवळ आल्या तरी सोवळं सांभाळून, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. ज्या बाईचं लिहिणं आपण आज डोक्यावर घेतो तिलासुद्धा दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायला वर्षं लागली. आणि सुटलं तेव्हा असं सुटलं की त्यांच्या घरात कोण कुठल्या जातीचं पोर वाढलं याचा हिशोब राहिला नाही. टिळकांनी तर शेवटी, १९१७ ला, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती, मिशनचा पगारही तेव्हाच सोडला. त्या काळच्या मानाने फारच मोठी उडी.

तर त्या बाईंना काय सांगायचं? मी एका तरुणाला एकदा ऐकलं होतं, त्याला असंच विचारल्यावर तो म्हणाला, "आम्ही मूळचे आदामाचे, मावशी, तुम्ही?" सगळे हसले, मावशीपण हसल्या. असं हसत सांग. पण एकदा सांग, गप्प बसू नकोस, कारण तुझ्यानंतर येणारीलाही त्या हेच विचारणार. आणि बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घरी वाच, सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची खुर्ची आणि मळक्या कपडेवाल्याला ‘तू तिकडे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीला त्याने कसं फैलावर घेतलंय.

मोदकांचं आता. यावर आपल्यात भांडणं आहेत, माझं उत्तर पटलं नाही तर तुझ्या पाळकसाहेबांशी बोल. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात हेच लिहिलंय, मूर्तीला वाहिलेलं खावं की नाही. तो दोन्ही बाजू सांगतो. आठव्या अध्यायात म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाही, पण तुझ्या खाण्याने कच्च्या विश्वासाचा भाऊ अडखळत असेल तर नको खाऊस. दहाव्यात म्हणतो कोणी विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते काही न विचारता खा, पण त्यानेच सांगितलं की हा नैवेद्याचा आहे तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नको. म्हणजे नियम एका ओळीचा नाहीच मुळी, समोरचा माणूस बघून वागायचं आहे. माझ्यापुरतं मी असं ठेवलं, आरतीत मी उभा राहत नाही, ती माझी भक्ती नाही आणि उगाच टाळ्या वाजवणं हे त्यांच्या देवाचाही अपमान आणि माझ्याही. पण घरी आणून दिलेलं अन्न मी दोन्ही हातांनी घेतो. तुझं मन खायला धजत नसेल तर खाऊ नकोस, रोमकरांस पत्रात तेही आहे की शंका ठेवून खाणं बरं नाही. पण मग तोंडावर सांग. टाकून देऊ नकोस. एवढी उकड काढून, कळ्या पाडून केलेली वस्तू कचऱ्यात गेली हे काकूंना कळलं तर कुठल्या तोंडाने येशूची प्रीती सांगणार आहेस तू?

माझ्या बायकोने एक युक्ती केली होती. आम्ही पुण्यात भाड्याने राहायचो तेव्हा शेजारीण दर वर्षी ताट घेऊन यायची. हिने एके वर्षी सरळ सांगितलं, "वहिनी, तुमचे मोदक मला फार आवडतात पण आमच्यात नैवेद्याचं घेत नाहीत, आधीच दोन बाजूला काढून ठेवाल का माझ्यासाठी?" मला वाटलं संपलं आता. वहिनी म्हणाल्या, "अहो एवढंच ना, आधी नाही का सांगायचं." त्यानंतर दर वर्षी वेगळ्या वाटीत, झाकण लावून, दोनाचे पाच यायला लागले. लोक तेवढे नाजूक नसतात गं, आपणच त्यांना नाजूक समजतो. आणि हेही उलट्या बाजूने लक्षात ठेव, नाताळला तू करंज्या, चकल्या, लाडू, केक घेऊन जाशील तेव्हा कोणी म्हणेल आमची एकादशी आहे, कोणी म्हणेल केकमध्ये अंडं असतं, कोणी नुसतंच घेऊन ठेवून देईल. तोंड पाडायचं नाही. बिनअंड्याचा केक कर. त्यांचा नकार सहन करणं हासुद्धा स्वीकारच आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड.

याच ओघात एक कडू बोलतो. तुझ्या प्रश्नात एक वाक्य होतं, "चांगलं वागून त्यांना प्रभूकडे आणता येईल का". मुली, हे डोक्यातून काढ. म्हणजे विश्वास लपव असं नाही, कोणी विचारलं तर सौम्यतेने सांग, पेत्रानेही तेच सांगितलंय. पण चांगुलपणा गळाला लावलेल्या गांडुळासारखा वापरला की समोरच्याला काटा टोचतोच. आणि आपल्याकडे हा संशय आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी, धर्माच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती नाही या बोलीवर. पुढे सदन पुण्याला आलं, बाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, मुली येऊन बसायला लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. माझ्या मते बाईंची नियत स्वच्छ होती, पण त्या मंडळींची भीतीही खोटी नव्हती, आईबापांनी मुली विश्वासाने ठेवल्या होत्या. दोन्ही बाजू समजून घे. मला विचारशील तर रमाबाईंचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं, केडगावचं मुक्ती सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतापर्यंत जाऊन उपाशी बायका-पोरी घेऊन आल्या. ज्यांना समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलं होतं त्यांच्यासाठी कृपासदन काढलं. नाव बघ, कृपा.

मिरजेला डॉ. वानलेसांनी १८९४ ला दवाखाना काढला, तिथे किती पिढ्या बऱ्या झाल्या, सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकातल्या लोकांपर्यंत, बहुतेक सगळे जसे हिंदू-मुसलमान आले तसेच हिंदू-मुसलमान घरी गेले. मग काम वाया गेलं का? बायबलात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले त्यातला एकच परत आला, त्या एकाला येशूने विचारलं बाकीचे नऊ कुठे, पण त्या नऊ जणांचं कुष्ठ काही परत आणलं नाही.

आता तुझा मित्र. इथे माझी दुसरी चूक सांगतो, ही जास्त दुखते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघातला एक मुलगा माझ्याकडे आला, गाणारा मुलगा, पेटी छान वाजवायचा. त्याने धीर करून सांगितलं की पास्टर, मला मुली आवडत नाहीत. मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तीन वचनं सांगितली, प्रार्थना केली, उपास कर म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि पुढच्या रविवारपासून पेटीवर दुसरा मुलगा होता. मी घरी गेलो नाही, फोन केला नाही, मनात म्हटलं वेळ द्यावा. किती वेळ दिला बघ, वीस वर्षं.

माझं मत जुन्या वळणाचं आहे, लग्नाबद्दल मंडळी जे शिकवते तेच मी शिकवलं, आणि ते इथे लपवत नाही. काही मंडळ्या आता वेगळंही शिकवतात. पण त्या मुलाने मला लग्नाबद्दल विचारलंच नव्हतं! त्याने विचारलं होतं, आता हे कळल्यावरही तुम्ही माझे पाळक आहात का. मला प्रश्नच ऐकू आला नाही. बायबलातला तो बदनाम जकातदार जक्कय झाडावर होता तेव्हा येशूने खाली उतर म्हटलं आणि तुझ्या घरी उतरतो म्हटलं, अर्धी संपत्ती वाटायचं बोलणं नंतर आलं, जक्कयच्या तोंडून आलं, अटीसारखं नाही. मी क्रम उलटा केला होता.

पुढे देवाने मला दुसरी संधी दिली असं मी मानतो. खेड्यातल्या चर्चमध्ये अजून पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला बसतात. एका रविवारी एक तृतीयपंथी आत आली, साडी, गजरा, हातात बायबल. दारात थांबली, कारण कुठल्या बाजूला बसायचं? मग बायकांच्या बाजूला मागे बसली, आणि तिच्या पुढची रांग हळूहळू सरकून रिकामी झाली. मी वेदीवरून बघत होतो, गायन चालू होतं, काय करावं सुचेना. माझी बायको पहिल्या रांगेतून उठली, मागे गेली, तिच्या शेजारी बसली आणि आपलं गायनाचं पुस्तक दोघींमध्ये धरलं. बस. त्या दिवशीचा उपदेश मी आयत्या वेळी बदलला आणि प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय काढला, कूश देशाचा तो षंढ अधिकारी. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात नियम होता की अशा माणसाला देवाच्या सभेत यायचं नाही, तरी तो यरुशलेमपर्यंत भक्तीला गेला होता, रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत परत चालला होता, आणि त्याच यशयाच्या ५६ व्या अध्यायात देव षंढांना म्हणतो की माझ्या घरात तुमचं नाव मुलामुलींपेक्षा मोठं करीन. पाणी दिसल्यावर तो फिलिप्पाला विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? फिलिप्पाला अडचणी सांगता आल्या असत्या की, शास्त्रात होत्या. तो रथातून खाली उतरला आणि पाण्यात गेला. ती ताई अजून येते, आता महिला मंडळाच्या भंडाऱ्याचा भात तीच लावते, मोठ्या पातेल्याचा अंदाज तिच्याइतका कोणाला नाही.

तर मित्राला काय सांगशील? खरं सांग. "काही लोक चांगलं वागतील, काही नाही वागणार, पण तू आलास तर मी तुझ्या शेजारी बसेन." सगळ्या मंडळीच्या वतीने वचन देऊ नकोस, ते तुझ्या हातात नाही. शेजारची जागा तुझ्या हातात आहे. आणि त्याच्याशी दर वेळी त्याच एका विषयावर बोलू नकोस बाई, त्याला क्रिकेट आवडत असेल, आई आजारी असेल, प्रमोशन अडकलं असेल.

"सगळ्यांना" या शब्दाची एक बाजू मात्र राहते, ती घाईत सांगतो पण महत्त्वाची आहे. आपल्याकडे दया म्हटलं की बायकांनाच क्षमा करायला सांगतात. नवरा दारू पिऊन मारतो, आणि मंडळी म्हणते, ताई, येशूने सांगितलंय, सत्तर वेळा सात क्षमा कर. मीही एकदा असं एकीला परत पाठवलंय, हात मोडून आली ती दुसऱ्यांदा, त्यानंतर कधी नाही. माणसाला स्वीकारणं म्हणजे त्याची काठी स्वीकारणं नाही. त्या नवऱ्याला मी जाऊन भेटेन, चहा पिईन, व्यसनमुक्तीला सोबत जाईन, पण त्याची बायको सुरक्षित ठिकाणी राहील, २००५ चा कौटुंबिक हिंसेचा कायदा आहे, १८१ ला फोन लागतो, आणि पाळकाने तो स्वतः लावून द्यावा. तसंच कोणी उधार मागून मागून तुला नागवत असेल तर नाही म्हण, गोड शब्दात म्हण, पण म्हण. पैसे नाकारलेस म्हणून माणूस नाकारला असं होत नाही, पुढच्या वेळी दिसला की आधी तू हाक मार.

विश्वासाचं काय उरतं विचारलंस ना? मला त्या म्हातारीच्या कोऱ्या चहाने काही कमी झालं नाही आणि पाच मोदकांनीही नाही. श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेत सप्टेंबरमध्ये जाऊन बघ, किती मराठा, माळी, धनगर बायका मेणबत्त्या घेऊन रांगेत असतात, त्यांना कोणी विचारत नाही तुमचं काय उरलं, आणि त्या घरी जाऊन आपली तुळस पुजतातच. मी प्रॉटेस्टंट माणूस, यात्रा आमच्यात नाही, पण त्या रांगेत उभं राहिल्यावर मला माझी भीती फार लहान वाटली होती.

असो, लांबलं. तो डबा. आज-उद्यात परत कर, आणि रिकामा नेऊ नकोस, आपल्या आयांनी कधी रिकामं भांडं परत पाठवलंय का? करंज्यांसाठी नाताळपर्यंत थांबू नकोस, साधा चिवडा चालेल, पोह्यांचा कर, पटकन होतो. मोदक टाकले हे सांगायचं की नाही ते तू ठरव, मी असतो तर सांगितलं असतं, आणि आत बोलावलं तर बसून पाणी मागितलं असतं. मीपण आज एक फोन लावणार आहे, त्या पेटीवाल्या मुलाचा नंबर त्याच्या बहिणीकडून काल मिळालाय.